तव्यावरचे अंडे आणि ताटातले अंडे

दिवाळी अंकात अंड्याविषयी लिहिणे कितपत शोभेल, मला ठाऊक नाही. अनारसे, चिरोटे, करंज्या यांच्या घमघमाटात हा विषय काढला म्हणून काही वाचक नाक मुरडतील, हे धरूनच मी लेखणी उचलली आहे. त्यांच्या समाधानासाठी आधीच सांगून टाकते की, मी स्वतः अंडे खात नाही. आमच्या घरात आजवर अंडे आलेले नाही आणि यापुढेही येईल असे चिन्ह नाही. तेव्हा हा लेख म्हणजे अंडे खाणाऱ्या बाईने न खाणाऱ्यांवर केलेला हल्ला नव्हे. न खाणाऱ्या बाईने न खाणाऱ्यांशी घातलेला हा वाद आहे. घरातल्या घरात होणारी भांडणे जास्त कडाक्याची असतात, एवढे मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वादाचे मूळ अगदी साधे. गेल्या दिवाळीला चिरंजीव सहकुटुंब पुण्याहून नंदुरबारला आले. नातू सात वर्षांचा. धनत्रयोदशीच्या सकाळी मी त्याच्यापुढे फराळाची बशी ठेवली. त्याने चकलीचा एक वेढा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाला, "आजी, मला पॅनकेक पाहिजे."

पॅनकेक मी चित्रात पाहिलेला होता. एकावर एक रचलेल्या तीन-चार जाड चकत्या, वर लोण्याचा तुकडा आणि चहूबाजूंनी ओघळणारा पाक. त्यात अंडे असते, हेही ऐकून होते. म्हणून मी सुनेकडे पाहिले. सून म्हणाली, "आई, तुम्ही काळजी करू नका. अंड्याऐवजी काय घालायचं ते मला माहीत आहे."

तिला माहीत होते त्यात कमी काहीच नव्हते, जास्तच होते. एका मैत्रिणीने केळे सांगितले होते, दुसरीने जवसाची पूड पाण्यात भिजवून घालायला सांगितली होती, तिसरीने व्हिनेगर आणि सोडा, चौथीने दही. शिवाय पुण्याहून येताना तिने एक डबी आणली होती. तीत पांढरी पूड होती आणि ही पूड अंड्याची जागा घेते, असे डबीवर छापले होते. कोणाचा शब्द मोडायचा नाही, असा तिचा स्वभाव. तिने सगळेच थोडे थोडे घातले. पीठ ओट्यावर फसफसू लागले. तव्यावर पडताच ते कडेने करपले, मध्ये कच्चे राहिले आणि उलटताना दोन तुकडे झाले. रंग तपकिरी, वास पिकल्या केळ्याचा आणि चव साबणाची. नातवाने एक घास घेतला आणि फार सभ्यपणे म्हणाला, "पुण्याला असा नसतो."

तेवढ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आत आल्या. ओट्यावरच्या सात-आठ वाट्यांकडे पाहून त्यांनी अहिराणीत विचारले, "हाई काय शे, बाई?" मी सांगितले: पीठ, दूध, थोडी साखर असे सैलसर कालवायचे, तव्यावर पळीने घालायचे, जाळी पडली की उलटायचे. मावशींनी तोंडाला पदर लावला आणि हसत म्हणाल्या, "हाई ते धिरडं शे!"

त्या दिवशी मग मी धिरडी केली आणि नातवाने चार खाल्ली. सूनबाई क्षणभर हिरमुसल्या, मग त्याही हसल्या. प्रकरण तेथेच मिटायचे. पण 'ऐवजी' हा शब्द माझ्या डोक्यात घर करून बसला, तो काही केल्या निघेना.

आधी स्वयंपाकघरातला हिशोब पुरा करू. अंडे पॅनकेकमध्ये कोणती कामे करते? एक, ते पीठ धरून ठेवते. अंड्याच्या पांढऱ्यातली प्रथिने ६०-६५ अंशांच्या पुढे तापली की घट्ट होतात आणि पिठाचे कण एकमेकांशी जखडले जातात. दोन, ते पदार्थ फुगवायला मदत करते. फेटताना त्यात हवा शिरते आणि तव्याच्या उष्णतेने ती पसरते. तीन, बलकातल्या स्निग्ध अंशामुळे चव, रंग आणि मऊपणा येतो. शिवाय अंड्यात तीन-चतुर्थांश पाणी असते, तेही पीठ भिजवायला उपयोगी पडते. एवढी कामे करणारा गडी अचानक रजेवर गेला, तर आपण काय करतो? त्याच्यासारखाच दुसरा हुबेहूब गडी शोधत गावभर हिंडत नाही. घरातली माणसे त्याची कामे वाटून घेतात. सूनबाईंचे चुकले ते येथे. अंड्याच्या जागी बसेल अशी एक वस्तू शोधता शोधता त्यांनी सहा वस्तू गोळा केल्या, आणि सहा जण एकच काम करायला धावले की जे होते, तेच तव्यावर झाले.

गव्हाच्या पिठाला चिकटपणा मुळातच असतो. त्याला धरून ठेवायला अंडे लागत नाही. फुगवायला आंबट ताक आणि खाण्याचा सोडा पुरतात, कारण आंबट आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि त्याचे बुडबुडे पिठात अडकतात. रंग आणि खमंगपणा बेसन देते. एक वाटी कणीक, दोन मोठे चमचे बेसन, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, वाटीभर आंबट ताक आणि चमचाभर पातळ केलेले तूप. हे हलक्या हाताने कालवावे; फार घोटले तर कणकेचा चिकटपणा वाढून धिरडे वातड होते. दहा मिनिटे झाकून ठेवावे, पीठ फार घट्ट वाटले तर आणखी थोडे ताक घालावे. मग पाव चमचा सोडा घालून एकदा ढवळावे आणि लगेच तव्यावर घालावे. सोडा घालून शेजारणीशी गप्पा मारत बसले की वायू उडून जातो. आच मध्यम. वर बुडबुडे फुटून भोके राहिली आणि कड सुकली की उलटावे. साबणाची चव येते ती सोडा जास्त आणि आंबट कमी झाल्याने.

केळे घालायचे तर खुशाल घाला. पण ते केळ्याचे धिरडे होईल, हे मान्य करून घाला. पाव वाटीपेक्षा जास्त घातले तर ते जड होते आणि केळ्यातल्या साखरेमुळे आतून शिजण्याआधी बाहेरून काळे पडते. जवस धरून ठेवण्याचे काम उत्तम करते, चमचाभर पूड आणि तीन चमचे पाणी. फुगवण्याचे काम मात्र करत नाही. ज्वारी, तांदूळ, नाचणी या पिठांना चिकटपणा नसतो, तेथे जवस किंवा बेसन खरोखर उपयोगाचे. आपल्या आजी-पणजींना हे सगळे ठाऊक होते. ज्वारीच्या धिरड्यात त्या बेसन मिसळत. कोकणातल्या आंबोळीत तांदळाबरोबर उडीद असतो, कारण उडदाचा चिकटपणा आंबवणातला वायू धरून ठेवतो. सरहद्दीपलीकडे गुजरातेत बेसनाचा पुडला होतो, उत्तरेत चिला होतो. यांपैकी कोणत्याही बाईने 'अंड्याऐवजी काय घालू?' असे विचारलेले नाही. जे कधी नव्हतेच, त्याची उणीव कशी भासणार?

येथे कोणी म्हणेल की, आपले पूर्वज सात्त्विक होते म्हणून त्यांच्या धिरड्यात अंडे नव्हते. हाही एक गोड गैरसमज आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात धोसक आहे, आणि आपल्या खानदेशात खापरावर होणाऱ्या मांड्यांचा पूर्वज शोभेल असा मंडकही आहे. पण त्याच ग्रंथात मांसाचे पदार्थही पुष्कळ आहेत. राजेसाहेबांना मांस वर्ज्य नव्हते. तरी धोसक झाला तो डाळी वाटून, कारण चांगल्या वाटलेल्या डाळीला अंड्याची गरज नव्हती. ही गोष्ट पाककलेची आहे, पुण्याईची नव्हे.

आणि गंमत अशी की, इंग्रजांच्या अंडे घातलेल्या पॅनकेकचेही उपवासाशी जुने नाते आहे! ईस्टरआधी ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांचा उपवास पाळत. त्या दिवसांत पूर्वी अंडी वर्ज्य असत. म्हणून उपवास लागण्याच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी, दूध, लोणी संपवून टाकायला पॅनकेक करायची प्रथा पडली. म्हणजे श्रावणाआधीची आपली गटारीच म्हणायची. दुसऱ्याच्या गटारीचा पदार्थ आपल्या सोवळ्यात बसवायचा आणि वर विचारायचे की अंड्याऐवजी काय? याला काय म्हणावे!

हे सगळे विनोदाने घेण्यासारखे आहे, असे मलाही वाटत असे. पण थोडा विचार केला की त्यामागचा न्यूनगंड दिसू लागतो. बेसनाच्या धिरड्यात टोमॅटो-कांदा घातला की त्याचे 'टोमॅटो ऑम्लेट' होते. धिरडे म्हणून तो पदार्थ पाहुण्यांपुढे ठेवायला आम्हांला लाज वाटते. ऑम्लेट म्हटले की मान ताठ होते. ज्या वस्तूला आम्ही शिवत नाही, तिचे नाव मात्र आम्हांला हवे असते! दुकानात तयार पाकिटे मिळतात, त्यांवर 'अंडेविरहित' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. पाकीट उलटून बारीक अक्षरे वाचा. मैदा, साखर, फुगवण्याची पूड आणि थोडा सुवास. ज्यात अंडे नाही म्हणून आपण दाम मोजतो, त्यात अंडे नसायला कोणाचे काहीच खर्च झालेले नाही. भाकरीच्या पिठावरही मग 'मासळीविरहित' असे छापून भाव वाढवता येईल.

तुपाच्या बाबतीत हा खेळ आपल्या देशाने एकदा अनुभवला आहे. १९३७ साली डालडा आले. ते वनस्पती तेल गोठवून केलेले. पण आम्ही त्याला 'वनस्पती तूप' म्हणू लागलो आणि दोन पिढ्यांनी तुपाच्या नावाने ते खाल्ले. पुढे शास्त्राने सांगितले की, तेल तसे गोठवताना जे स्निग्ध पदार्थ तयार होतात ते हृदयाला घातक असतात. तेलाला तेल म्हणून विकले असते तर लोकांनी चार प्रश्न विचारले असते. तुपाच्या नावाने आले म्हणून कोणी विचारले नाहीत. 'ऐवजी'चा खरा धोका येथे आहे. तो प्रश्न बंद करतो.

मराठीत 'ऐवज' म्हणजे मोलाची चीजवस्तू. चोरीला जातो तो ऐवज, गहाण पडतो तो ऐवज. 'ऐवजी' हा त्याच घरातला शब्द. म्हणजे एखाद्या गोष्टीच्या ऐवजी दुसरी द्यायची, तर आधी पहिलीचे मोल ठाऊक पाहिजे. आपण देवीला बोकडाऐवजी कोहळा फोडतो. ही अदलाबदल चांगली. बोकड वाचतो आणि देवीची तक्रार नसते. पण महाभारतात दुसऱ्या एका अदलाबदलीची गोष्ट आहे. द्रोणाचार्य दरिद्री होते. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानग्या अश्वत्थाम्याने दूध मागितले. मुलांनी पाण्यात पीठ कालवून त्याला दिले. ते पिऊन तो नाचू लागला, मी दूध प्यालो, मी दूध प्यालो! बाकीची मुले हसत होती. द्रोणांच्या काळजाला ते हसणे लागले आणि पुढचे सगळे रामायण, म्हणजे महाभारतच, त्यातून घडले.

मी धिरड्याचे पीठ कालवताना ही गोष्ट मला आठवली आणि माझा हात थांबला. कारण ते पीठ मीही एकदा कालवलेले आहे. आता जे सांगायचे आहे, त्यासाठीच हा लेख.

मी शिक्षिका होते. नोकरीची शेवटची वर्षे अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरातल्या एका लहान शाळेत काढली. मुले बहुतेक पावरा आणि भिल्ल घरांतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला की, शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा मुलांना अंडे द्यावे. जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा स्थानिक फळ द्यावे. कागद माझ्या हाती आला. मी तो वाचला आणि माझे डोळे 'केळे' या शब्दावर जाऊन थांबले. अंडी आणायची, ती उकडायची, तो वास शाळेत भरून राहायचा, टरफले काढायची... माझ्या अंगावर शहारा आला. मी मनाशी म्हटले, केळे तर चालते असे सरकारच म्हणते आहे. आणि मी सगळ्यांसाठी केळी मागवली.

मुलांनी केळी खाल्ली. एकानेही तक्रार केली नाही. आनंदाने उड्या मारत खाल्ली, सालींनी एकमेकांना मारले. मला वाटले, झाले काम. अश्वत्थामाही नाचलाच होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

ध्यानात आणून दिले ते खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी. तिसऱ्या आठवड्याला केळ्यांचा घड पाहून त्या म्हणाल्या, "बाई, तुम्हाला अंडं नको, ठीक आहे. पोरांनाबी नको का? कोणी इचारलं त्यांना?"

मी विचारले नव्हते. तीस-पस्तीस वर्षे मुलांना प्रश्न विचारण्याचा धंदा केला, आणि हा एवढा प्रश्न विचारायचा राहिला. दुसऱ्या दिवशी विचारला. दोन मुले माळकरी घरची होती, त्यांनी नको म्हटले. बाकी सगळ्यांचे हात वर.

पुढच्या आठवड्यात अंडी आली. मी नाकाला रुमाल लावून एक अंडे हातात घेतले आणि सोलायला लागले. टरफलाबरोबर अर्धे अंडे निघून आले. चौथीतली एक मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. ती म्हणाली, "बाई, असं नाय." तिने दुसरे अंडे घेतले, जमिनीवर हलकेच आपटले, तळव्याखाली फिरवले, पाण्यात बुडवले आणि टरफल एका ओढीत काढून पांढरेशुभ्र अंडे माझ्या हातावर ठेवले. मी त्या दिवशी चाळीस अंडी सोलली. हात दोनदा साबणाने धुतले, हे खोटे कशाला सांगू? पण सोलली.

आता हिशोब मांडते, कारण भावनेने पोट भरत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. एका मध्यम केळ्यात जेमतेम १ ग्रॅमच्या थोडी वर. म्हणजे अंड्याच्या तोडीची प्रथिने द्यायची तर मुलाला एका बैठकीला पाच केळी खाऊ घालावी लागतील. अंड्यात अ आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे असतात. केळ्यात ब-१२ मुळीच नसते. केळे वाईट आहे, असे मी म्हणत नाही. आमच्या खानदेशात केळ्याला वाईट म्हणून कोण सुखाने राहील! पण तव्यावर केळे अंड्याची जागा घेते म्हणून ताटातही घेते, हे खोटे आहे. तव्यावरच्या अंड्याला पीठ धरून ठेवायचे असते. ताटातल्या अंड्याला मूल धरून ठेवायचे असते.

आणि ही मुले कोणत्या जिल्ह्यातली? नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथे दर दहा माणसांत सुमारे सात आदिवासी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात या जिल्ह्यातली पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. याच जिल्ह्यात नवापूर आहे. तेथे कोंबड्यांची एवढी मोठाली खुराडी आहेत की २००६ साली देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ तेथेच उघडकीस आली, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ साली तोच प्रसंग पुन्हा आला. दोन्ही वेळा धंदा पुन्हा उभा राहिला. नवापूरची अंडी ट्रक भरभरून बाहेर जातात, आणि त्याच जिल्ह्याच्या डोंगरावर 'अंड्याऐवजी काय?' याची चर्चा होते.

"आदिवासींच्या घरी कोंबड्या असतातच की," असे शहरातली मंडळी म्हणतात. असतात. पण मी जी घरे पाहिली, त्यांत कोंबडीचे अंडे पिल्लासाठी उबवायला ठेवतात, नाहीतर बाजाराच्या दिवशी विकून तेल-मीठ आणतात. दारात कोंबडी असणे आणि पोराच्या ताटात अंडे असणे, यांत एका बाजारहाटाचे अंतर असते.

सरकारला हे कळत नव्हते, असेही नाही. २०१५ साली आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. पुढच्या टप्प्यात लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे देण्याचे ठरले. न खाणाऱ्यांना केळे. मग २०२३ चा शाळेचा निर्णय. आणि मग जानेवारी २०२५ मध्ये, मी निवृत्त होऊन घरी बसले असताना, दुसरा निर्णय निघाला की, शाळेतल्या अंड्यासाठी सरकार वेगळा पैसा देणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीने हवे तर लोकसहभागातून ते करावे.

लोकसहभाग हा शब्द कानाला फार गोड लागतो. पुण्यातल्या शाळेत तो होईलही. पण आमच्या डोंगरातली पुष्कळ घरे दिवाळी सरली की ऊसतोडीला गुजरातेत जातात. म्हातारी माणसे आणि पोरे मागे राहतात. त्या गावात वर्गणीची वही घेऊन कोणाच्या दाराशी जायचे? ज्याच्या पोराला अंडे हवे, त्याच्याच दाराशी?

त्या निर्णयानंतर आमच्या गल्लीत, आमच्या ओळखीच्या घरांत, समाधानाचे सुस्कारे मी स्वतः ऐकले. "बरं झालं, शाळेत कशाला असलं?" त्यांना मला चार शब्द सांगायचे आहेत. तुमच्या मुलाच्या ताटात अंडे पडू नये, हा तुमचा हक्क. त्यासाठी मी तुमच्या बाजूने भांडेन. त्याला वेगळी पंगत नको, वेगळे भांडे हवे असेल तर जरूर द्या. पण शेजारच्या मुलाच्या ताटातले उचलून घेण्याचा हक्क तुम्हांला कोणी दिला? शाकाहारातही प्रथिने असतात, असे तुम्ही म्हणाल. असतात, शंभर वेळा असतात! पेलाभर दूध द्या. मूठभर शेंगदाणे, मूठभर फुटाणे द्या. अंडे न खाणाऱ्या मुलाला त्याच्या तोडीचे काही मिळावे, अशी मागणी घेऊन तुम्ही निघा, मी तुमच्या पुढे चालते. मात्र अंडे काढून घेताना संस्काराचे नाव आणि दूध देण्याची वेळ आली की तिजोरीचे नाव, असे चालणार नाही. पैसे नसतील तर पैसे नाहीत असे म्हणा. पीठ कालवलेल्या पाण्याला दूध म्हणू नका.

आम्ही न खाणारी माणसे स्वतःच्या तव्यासाठी किती जागरूक असतो! अंड्याऐवजी केळे चालेल की जवस, दही की ताक, यावर तास तास खल करतो, वाट्या मांडतो, डब्या विकत आणतो. पदार्थ जरा बसका झाला तर हळहळतो. एवढी चिकित्सा आपण डोंगरातल्या मुलाच्या ताटासाठी कधी केली? पॅनकेक फुगला नाही, याचे आपल्याला दुःख होते. मूल भरले नाही, याचे का होत नाही?

माझा हा राग प्रथम माझ्यावर आहे, हे वर कबूल केलेच आहे. मी तीन आठवडे माझ्या नाकाच्या सोयीने चाळीस मुलांची ताटे वाढली. ते फेडायचे म्हणून दिवाळीला त्या शाळेत अंड्यांचे पैसे पाठवते. पण हे औषध नव्हे, हे मला ठाऊक आहे. बाईंना आठवण राहिली तर अंडे आणि बाई विसरल्या तर नाही, असे कोणा मुलाचे जेवण असू नये. ते सरकारच्या हिशोबाच्या वहीत असले पाहिजे. तोवर वाचकांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या गावच्या शाळेत एकदा जाऊन यावे, आणि मुलांना काय हवे ते मुलांनाच विचारावे. माझ्यासारखा तीन आठवडे उशीर करू नये.

राहता राहिली पॅनकेकची गोष्ट. पाडव्याच्या सकाळी नातू पुन्हा ओट्याशी येऊन उभा राहिला. तव्यावरच्या पिठाला बुडबुडे फुटत होते. त्याने विचारले, "आजी, ह्यात अंडं नाही ना?"

"नाही."

"मग अंड्याऐवजी काय घातलं?"

"काही नाही," मी म्हटले. "ह्याला धिरडं म्हणतात. ह्यात अंडं नसतंच."

त्याने ते मान्य केले, लोण्याचा गोळा मागून घेतला आणि थोड्या वेळाने विचारले, "तुझ्या शाळेतल्या मुलांना पण धिरडं आवडतं?"

"आवडतं," मी म्हटले. "पण त्यांना अंडंही आवडतं."

"मग त्यांना अंडं दे," तो म्हणाला, आणि तिसऱ्या धिरड्यासाठी बशी पुढे केली.